बालसाहित्याचा पेपर आणि लेकरांच्या हातातलं पुस्तक



अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावी बालसाहित्यावर व्याख्यान ठेवलं, याबद्दल आधी संयोजकांचे आभार. विषय दिसायला छोटा आहे, पण तसा तो छोटा नाही. इथं बसलेल्यांपैकी बरेच जण उद्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतील, कुणाकडे शाळेचं ग्रंथालय येईल. पुस्तकांच्या गठ्ठ्यातलं कोणतं पुस्तक लेकरांच्या हातात द्यायचं आणि कोणतं कपाटातच राहू द्यायचं, हे तुम्हीच ठरवणार आहात. म्हणून आज आम्ही एकच प्रश्न घेतला आहे : बालसाहित्याचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला ते कळलं की नाही, हे ओळखायचं कसं?

नेहमीची प्रश्नपत्रिका काय विचारते? 'बालसाहित्याची व्याख्या सांगून स्वरूप स्पष्ट करा.' 'बालसाहित्याची वैशिष्ट्ये लिहा.' आणि शेवटी टिपा. उत्तरंही ठरलेली असतात. बालसाहित्यातून मनोरंजन होतं, संस्कार होतात, कल्पनाशक्ती वाढते, भाषाविकास होतो. यातलं एकही वाक्य खोटं नाही. अडचण अशी, की मुलांचं एकही पुस्तक न उघडता हे उत्तर लिहिता येतं आणि त्याला गुणही चांगले पडतात. मग तपासलं काय? पाठांतर. वाचन तपासायचं राहूनच गेलं.

आपण लातूर पॅटर्नच्या मुलखात बसलो आहोत. नेमका अभ्यास, भरपूर सराव, पुन्हा पुन्हा चाचण्या. या शिस्तीच्या जोरावर खेड्यापाड्यातली कितीतरी मुलं डॉक्टर झाली, इंजिनिअर झाली. तिला नावं ठेवायचं आम्हाला काही कारण नाही. पण ज्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असतं, त्या प्रश्नासाठी ती पद्धत आहे. साहित्याच्या पेपरला तेच वळण लागलं, की पुस्तक बाजूला राहतं आणि नोट्स पुढे येतात.

आता 'संस्कार' हा शब्दच बघा. तो आपल्या उत्तरात आला कुठून? मराठीत छापील बालसाहित्य सुरू झालं तेच मुळी बोधाच्या हेतूनं. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी 1828 च्या सुमारास 'बाळमित्र' आणि इसापच्या गोष्टी मराठीत आणल्या, त्या शाळेत शिकणाऱ्या मुलांसाठी. पुढे 1906 मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांचं 'आनंद' मासिक निघालं. त्याचं नाव लक्षात घ्या. 1951 मध्ये भा. रा. भागवतांनी 'बालमित्र' मासिक काढलं. याच भागवतांनी फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे आपला फास्टर फेणे, मराठी मुलांना दिला. तो सायकल दामटतो, संकटात उडी घेतो. उपदेश ऐकत बसायला त्याला सवड नाही. म्हणजे बोध ही बालसाहित्याची एका काळातली गरज होती. तिलाच कायमची फूटपट्टी करून ठेवली, तर पुढचं बरंचसं साहित्य मोजायचंच राहून जातं.

उदाहरण घेऊ. 'श्यामची आई' साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. पेपरात या पुस्तकापुढे 'मातृप्रेम आणि संस्कार' एवढं लिहून विद्यार्थी मोकळा होतो. पण पुस्तक उघडून बघा. गोष्ट सांगणारा श्याम मोठा झालेला आहे आणि तो रात्रीमागून रात्र आपल्या सोबत्यांना बालपण सांगतो आहे. म्हणजे मूल स्वतः बोलत नाही, मोठा माणूस आठवून बोलतो आहे. याचा परिणाम काय होतो? श्याम पोहायला घाबरतो, लपून बसतो. आई त्याला शिंपटीनं मारते आणि विहिरीवर पाठवते. मोठ्या श्यामला त्या मारात आता माया दिसते. पण मार खाणाऱ्या लहान श्यामला त्या क्षणी काय वाटलं असेल? आणि आजच्या पाचवीतल्या पोरानं त्या मारण्याचं काय करायचं? हा प्रश्न ज्याला पडला, त्यानं पुस्तक वाचलं. उत्तर त्यानं कोणत्याही बाजूनं द्यावं, पण ते पुस्तकातल्या शब्दांच्या आधारानं द्यावं.

आणखी एक गोष्ट. ती विहीर कोकणातली आहे, पाण्यानं भरलेली. आपल्या लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. कोरड्या विहिरी बघत वाढलेलं लेकरू हे प्रकरण वाचताना कुठं थांबेल? पोहण्याच्या भीतीपाशी, की आधी एवढ्या पाण्यापाशी? याचं उत्तर कुठल्याच नोट्समध्ये सापडत नाही. लेकरापाशी बसूनच ते कळतं.

दुसरं उदाहरण विंदा करंदीकरांचं. 'राणीची बाग' 1961 चं. त्यातले प्राणी माणसांचे नखरे करतात. बोध शोधायला गेलात तर हाताला काही लागणार नाही. मग त्याचं मोल काय? नीट विचार करा. वाघ खरा कसा वागतो हे ज्याला ठाऊक आहे, तोच वाघाच्या उलट्या वागण्याला हसतो. नियम माहीत असल्याशिवाय नियम मोडल्याची गंमत कळत नाही. म्हणजे ते हसू अज्ञानातून आलेलं नाही, समजेतून आलेलं आहे. शिवाय लय आणि यमक यांमुळे मुलाच्या कानाला भाषेचा नाद लागतो. बालकविता 'सोपी' म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी तशी एक लिहून बघावी.

आणि माधुरी पुरंदऱ्यांची पुस्तकं घ्या. 'राधाचं घर' असो की 'यश', तिथं चित्रही बोलतं. चित्र काय सांगतं आणि मजकूर काय सांगतो, हे वेगळं काढता आलं पाहिजे. आपला विद्यार्थी मजकुराचा सारांश लिहितो आणि चित्र सोडून देतो. म्हणजे अर्धं पुस्तक वाचायचं राहतं.

मग तपासायचं कसं? आम्हाला तीन गोष्टी सुचवायच्या आहेत. पहिली, परीक्षेत मुलांच्या पुस्तकातलं एक पान समोर द्या आणि त्यावर प्रश्न विचारा : हे पान कोणत्या मुलाला उद्देशून आहे, हे कोणत्या शब्दांवरून कळतं? दुसरी, एकाच विषयावरची दोन पुस्तकं देऊन शाळेसाठी एक निवडायला सांगा, कारणांसह. तिसरी, अंतर्गत गुणांसाठी विद्यार्थ्यानं चार-पाच लेकरांना एक पुस्तक वाचून दाखवावं आणि मुलं कुठं थांबली, काय विचारलं, कुठं चुळबुळ करू लागली, हे त्यांच्याच बोलीत टिपावं. तांड्यावरचं लेकरू घरी गोरमाटी बोलतं, देगलूरकडच्या लेकराच्या कानावर तेलुगू असते. छापील मराठी त्यांना कुठं अडते, हे त्या वहीतून कळेल.

यावर आक्षेप येतात आणि ते खोटे नाहीत. वर्गात विद्यार्थी शंभर, वह्या तपासणार कोण? खोट्या नोंदी लिहिल्या तर? आणि गुणांत एकसारखेपणा कसा राहणार? एकसारखेपणासाठी निकष आधीच फळ्यावर लिहून द्या. पुस्तकातला पुरावा आहे का, मुलांचं बोलणं नेमकं टिपलंय का, स्वतःचा निर्णय आणि त्याचं कारण दिलंय का. खोटी नोंद तोंडी दोन प्रश्न विचारले की उघडी पडते. आणि पोरं किती हसली, यावर गुण देऊ नका. हसू सवंग गोष्टीलाही येतं. पोरं कंटाळली आणि विद्यार्थ्यानं का कंटाळली ते पुस्तकात बोट ठेवून दाखवलं, तर त्याला पूर्ण गुण द्या.

2025 मध्ये नांदेडच्या सुरेश सावंत यांच्या 'आभाळमाया' या बालकवितासंग्रहाला साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात कुणी लेकरांसाठी लिहितं आणि देशपातळीवर त्याची दखल घेतली जाते, याचा अभिमान जरूर बाळगा. पण 'पुरस्कारप्राप्त' एवढं टिपेत लिहून थांबू नका. ते पुस्तक मिळवा, मोठ्यानं वाचा, लेकरांपुढे वाचा. आवडलं तर का आवडलं, नाही तर का नाही, ते लिहा. लिहिणाऱ्याचा खरा मान त्यातच आहे.

बालसाहित्य थोर आहे, हे पेपरात लिहून ते थोर होत नाही. शाळेचं कपाट उघडून नेमकं पुस्तक काढून लेकराच्या हातात ठेवणारा शिक्षक तयार झाला, तर आपला अभ्यासक्रम पास झाला म्हणायचा.