राजू रस्तोगीला कुणी विचारलंच नाही



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्याकडे दोन हंगाम एकदम सुरू होतात. एक पावसाचा आणि दुसरा करिअर मार्गदर्शनाच्या मेळाव्यांचा. या मेळाव्यांत वक्ता कुणीही असो, एका सिनेमाचं नाव हमखास निघतं. राजकुमार हिरानींचा 'थ्री इडियट्स'. हा चित्रपट २००९ च्या डिसेंबरमध्ये आला. आजही पालकांना चार शब्द सुनवायचे असले की वक्ते त्याचाच दाखला देतात. मुलाच्या आवडीला मान द्या, आवडीच्या मागे जाऊ द्या, यश आपोआप येईल.

शाखा निवडण्याचं आपलं आजचं लोकप्रिय तत्त्वज्ञान बऱ्याच अंशी या चित्रपटातून आलेलं आहे. म्हणून आज मी त्याच्याकडे करमणूक म्हणून न बघता एक युक्तिवाद म्हणून बघणार आहे. युक्तिवाद म्हटला की तो तपासावा लागतो. तत्त्वज्ञानाच्या मास्तराची ही जुनी खोड, ती सहन करा.

आधी श्रेय देऊ. या चित्रपटाने एक फार मोठी गोष्ट केली. मूल जन्मल्याबरोबर 'इंजिनिअर होणार' असं जाहीर करणारा बाप आपल्या ओळखीचा होता, पण त्याच्यावर भर थिएटरात हसायची सोय नव्हती. ती या चित्रपटाने करून दिली. कॉलेजच्या दडपणाखाली मोडून पडणारा जॉय लोबो दाखवला. आणि तो कडक संचालक, वीरू सहस्रबुद्धे, आडनाव आपल्याकडचंच, त्याच्या स्वतःच्या मुलाला साहित्य शिकायचं होतं आणि त्या मुलाचं काय झालं, हेही दाखवलं. हे सगळं खरं आहे आणि ते सांगण्याची गरज होती. याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. चित्रपटात तीन मित्र आहेत. फरहानला वन्यप्राण्यांची छायाचित्रं काढायची आहेत. त्याने एका परदेशी छायाचित्रकाराला लिहिलेलं पत्र वर्षानुवर्षं तसंच पडून आहे. मित्र ते टाकतो, उत्तर येतं, वडील रागावतात, मग विरघळतात आणि नवा लॅपटॉप परत करून कॅमेरा घ्यायला सांगतात. डोळ्यांत पाणी आणणारा प्रसंग आहे. माझ्याही आलं होतं.

आता राजू रस्तोगीकडे बघा. वडील पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले. आई भाजीचे आणि पनीरचे भाव सांगत वाढते. बहिणीचं लग्न अडलेलं. राजूचं घर चित्रपटात कसं दाखवलंय आठवतं? कृष्णधवल. पन्नासच्या दशकातल्या सिनेमासारखं. म्हणजे फरहानच्या घरातलं दुःख रंगीत आणि राजूच्या घरातलं दुःख विनोदी! आणि मुख्य मुद्दा हा, की संपूर्ण चित्रपटात राजूला कुणी एकदाही विचारत नाही, 'बाबा रे, तुला काय आवडतं?' त्याला फक्त एवढंच सांगितलं जातं, की घाबरू नकोस. त्याच्या हातातल्या अंगठ्या निघतात, मुलाखतीत तो खरं बोलतो आणि त्याला नोकरी लागते. त्याची आवड यंत्रांची होती, कवितेची होती की शेतीची होती, हे ना दिग्दर्शकाला ठाऊक, ना आपल्याला.

हा निव्वळ विसर आहे असं मला वाटत नाही. 'आवडीच्या मागे जा' हा सल्ला राजूला देताच आला नसता, कारण त्या घरात तो टिकला नसता. म्हणून फरहानला सल्ला आवडीचा आणि राजूला सल्ला धैर्याचा. राजूची भीती त्याच्या स्वभावातला दोष असल्यासारखी दाखवली आहे. खरं तर ती भीती नव्हे, तो हिशेब आहे. औषधं, भाडं, बहिणीचं लग्न, आणि कमावता कुणी नाही. हा हिशेब ज्याला येतो त्याला आपण भित्रा म्हणावं का?

आणि स्वतः रँचो? आवडीचा हा सगळा उपदेश ज्याच्या तोंडी आहे तो माळ्याच्या घरचा मुलगा. शिकायची विलक्षण ओढ, यंत्रांची ओढ. पण तो त्या कॉलेजात गेला तो मालकाच्या मुलाच्या नावावर. पदवी मालकाच्या घरात भिंतीवर टांगली. म्हणजे कोणत्या कॉलेजात, कोणत्या शाखेला जायचं, हे ठरवलं मालकाच्या गरजेनं. त्याची ओढ आणि मालकाची गरज यांची गाठ पडली हा योगायोग. मालकाला मुलगा वकील हवा असता तर? हा प्रश्न चित्रपट विचारत नाही. आपण विचारायला हवा.

इथपर्यंत सामाजिक भाग झाला. आता आपण 'आवड' या कल्पनेकडेच येऊ, कारण माझ्या मते घोटाळा तिथेही आहे.

घराघरांत दोन पक्ष असतात. बाप म्हणतो, 'स्कोप कशात आहे ते बघ.' मुलगी म्हणते, 'मला काय आवडतं ते बघा.' आपल्याला वाटतं हे एकमेकांचे शत्रू. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने हे सख्खे भाऊ आहेत. दोघांचंही गृहीतक एकच, की योग्य उत्तर कुठेतरी आधीच तयार आहे आणि ते फक्त शोधायचं आहे. बापाच्या मते ते बाजारात आहे, मुलीच्या मते ते मनात आहे. या गृहीतकाला इतिहासही आहे. बॉस्टनमध्ये फ्रँक पार्सन्स नावाच्या गृहस्थांनी व्यवसाय मार्गदर्शनाची पद्धत घालून दिली, त्यांचं पुस्तक १९०९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, आलं. पद्धत सोपी. स्वतःला ओळखा, कामं ओळखा, दोन्हींचा मेळ घाला. आपल्याकडे २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली जायची, ती याच घराण्यातली. आत कल असतो, बाहेर काम असतं, मध्ये चाचणी.

पण सतरा वर्षांच्या मुलाच्या आत अर्थशास्त्राची आवड असते म्हणजे नेमकं काय असतं? त्याने अर्थशास्त्र पाहिलेलंच नसतं. त्याने एखादा चांगला शिक्षक पाहिलेला असतो, किंवा सूट घातलेला एखादा माणूस टीव्हीवर बोलताना पाहिलेला असतो. गाणं शिकणाऱ्याला विचारा. पहिली दोन-तीन वर्षं पलटे घोटताना कुणाला राग आवडत असतो? आवडते ती मैफल, गाणाऱ्याला मिळणारी दाद. रागाची आवड तालमीतून तयार होते. सद्गुण माणसात कसा येतो हे सांगताना ॲरिस्टॉटलही कारागिराचाच दाखला देतो. कौशल्य आधी आणि काम नंतर असा क्रम नसतो, काम करता करता ते कौशल्य अंगात येतं. माझं म्हणणं इतकंच, की आवडीचंही तसंच आहे.

सार्त्रने १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसला एक जाहीर व्याख्यान दिलं होतं. पुढे ते पुस्तकरूपाने आलं, म्हणजे आपल्या या मालिकेसारखंच! त्यात तो एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात. थोरला भाऊ लढाईत मारला गेलेला. आई या मुलाच्या आधारावर जगतेय. त्याने आईजवळ राहावं, की इंग्लंडला जाऊन मुक्ती फौजेत सामील व्हावं? मुलगा म्हणतो, आईवरचं माझं प्रेम पुरेसं असेल तर मी राहीन. सार्त्र विचारतो, ते पुरेसं आहे हे तुला कळणार कसं? राहिलास तरच ते सिद्ध होणार. भावना कृतीतून घडते, त्यामुळे कृती करण्याआधी भावनेचा सल्ला घेता येत नाही. आता इथे 'आईवरचं प्रेम' काढून 'विषयाची आवड' घाला. युक्तिवाद तसाच्या तसा लागू पडतो.

मी तीसेक वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. आवड म्हणून तत्त्वज्ञानाला आलेली मुलं एका हाताच्या बोटांवर मोजावीत. बाकी कशी यायची? अकरावीत तर्कशास्त्र घेतलं कारण त्यात मार्क पडतात असं कुणीतरी सांगितलेलं. मानसशास्त्राची जागा भरली म्हणून आलेली. मैत्रिणीने घेतलं म्हणून आलेली. त्यांतली बरीच दिवस काढून गेली. पण दरवर्षी दोन-तीन अशी निघायची की त्यांना दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर कुठेतरी काहीतरी चावायचं, आणि मग ती सोडायची नाहीत. आवडीने आलेली मुलं मात्र पुष्कळदा पहिल्या सहामाहीतच निराश व्हायची. त्यांना जीवनाचा अर्थ हवा असायचा आणि आम्ही त्यांना विधानांची सत्यता-कोष्टकं मांडायला लावायचो.

मोठी माणसं बघा. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती. संख्याशास्त्र एखाद्या प्रत्यक्ष प्रश्नाला लावून बघावं म्हणून त्यांनी प्राचीन आहत नाणी वजन करायला घेतली. मग प्रश्न आला, ही पाडली कुणी? त्यासाठी जुने ग्रंथ, ग्रंथांसाठी संस्कृत. आणि १९५६ साली त्यांचं भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचं ते प्रसिद्ध पुस्तक आलं. इरावती कर्वे यांनी फर्ग्युसनमध्ये बी.ए. केलं तत्त्वज्ञानात. पुढे मुंबईत घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र, मग बर्लिनला जाऊन मानवी कवटीवर प्रबंध, आणि शेवटी आपल्या हाती 'युगान्त'. यांतलं कोणतं पाऊल कुठल्या कलचाचणीत दिसलं असतं?

इथे तुम्ही मला अडवायला हवं. 'सर, ही उदाहरणं रँचोसारखीच झाली की! कोसंबींचे वडील हार्वर्डमध्ये काम केलेले विद्वान, इरावतीबाई वाढल्या परांजप्यांच्या घरात आणि सून झाल्या महर्षी कर्व्यांची.' अगदी बरोबर. वाट बदलली तरी ज्या घराचं छप्पर उडत नाही, अशा घरांतली ही माणसं. आणि म्हणूनच मी फिरून राजूकडे येतो. आवड जर काम करता करता घडत असेल, तर पहिली निवड चुकण्याची शक्यता प्रत्येकाचीच आहे. फरक एवढाच, की चुकल्यावर वळण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. फरहानला ती एका लॅपटॉपएवढी पडली.

ही किंमत कोण ठरवतं? आपली व्यवस्था. सायन्सचा मुलगा बारावीनंतर कॉमर्सला जातो, आर्ट्सला येतो. आर्ट्सच्या मुलीला उलटी वाट जवळजवळ नाही. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या काळात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. जागा वाढल्या, गावोगावची मुलं इंजिनिअर झाली, हे मान्य. पण शिक्षणासाठी जमीन विकली किंवा कर्ज काढलं की त्या मुलाला दुसऱ्या वर्षी 'हे माझं नाही' असं म्हणण्याची सोय उरत नाही. फी जितकी मोठी, तितकं वळण अवघड.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने मेजर-मायनर आणलं. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडायची मुभा दिली. हेतू चांगला आहे. पण बाहेर पडायचं दार आणि वळायची वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या कॉलेजात एका विषयाला एकच शिक्षक, तोही तासिका तत्त्वावर, तिथे मायनर निवडायचं म्हणजे जे आहे ते घ्यायचं. आणि घरची ओढाताण असलेल्या मुलीला एका वर्षानंतरचं प्रमाणपत्र देऊन आपण वळण देतोय की निरोप, हे तपासायला हवं.

मग करायचं काय? मार्गदर्शन मेळाव्यासारखे दहा नियम मी देणार नाही. तीन गोष्टी सांगतो.

मुलांनो, 'मला काय आवडतं' हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. त्याऐवजी असं विचारा, की यातला कंटाळवाणा भाग मला झेपेल का? प्रत्येक विषयात असा भाग असतो. कायद्यात कागद वाचायचे असतात, जीवशास्त्रात तासन्‌तास सूक्ष्मदर्शकात डोकं घालायचं असतं, पत्रकारितेत लोकांच्या दारात ताटकळायचं असतं. माहितीपत्रक बघू नका. तिसऱ्या वर्षाची प्रश्नपत्रिका मिळवा आणि ती वाचून बघा. समजणार नाही. पण समजून घ्यावीशी वाटते का, एवढं कळेल.

पालकहो, मुलाला 'तुझी आवड काय' असं विचारण्याआधी घरचा हिशेब त्याच्यासमोर मांडा. किती पैसे आहेत, किती वर्षं थांबता येईल, चुकलं तर एक वर्ष देता येईल की नाही. आपण हे मुलांपासून लपवतो आणि त्याला माया म्हणतो. मग मूल अंदाज बांधतं. कधी घरची ताकद नसताना मोठी उडी मारतं, कधी ताकद असतानाही मन मारून बसतं. खरा आकडा कळला की सतरा वर्षांचं मूल बरंच शहाणपणाने वागतं, असा माझा अनुभव आहे.

आणि आपण सगळे, जे कॉलेजं चालवतो, शिकवतो, कर भरतो, मतं देतो, आपण वळायची वाट मागायला हवी. दुसऱ्या वर्षी विषय बदलला तर पहिल्या वर्षाची फी बुडणार नाही, शिष्यवृत्ती तुटणार नाही, वसतिगृहाची खोली जाणार नाही. एवढं झालं, तर राजूलाही एकदा चुकायचा हक्क मिळेल. आज तो हक्क मुख्यतः फरहानकडे आहे.

येत्या आठवड्यात तुमच्यापैकी अनेकांच्या घरी प्रवेशाचे अर्ज भरले जातील. पसंतीक्रम लिहायला बसाल तेव्हा मुलाला आवड जरूर विचारा, पण तो हिशेब आधी टेबलावर ठेवा. वेळ संपली आहे, मी इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.