लाँवीच्या ध्वनिफिती : एक चिकित्सा

कामगार-चळवळीचा इतिहास लिहिणारा अभ्यासक प्रायः ठराव, पत्रके आणि पुढाऱ्यांची भाषणे यांवर विसंबतो. या साधनांत चळवळीने काढलेला निष्कर्ष सापडतो. तो निष्कर्ष काढण्यापूर्वी झालेला वाद मात्र क्वचितच सापडतो. फ्रान्समधील लाँवी येथील ‘लोरेन कर दासिये’ (पोलादी काळजाचे लोरेन) या नभोवाणी केंद्राच्या ध्वनिफितींचे महत्त्व या उणिवेच्या संदर्भात जाणून घेतले पाहिजे.

डिसेंबर १९७८ मध्ये फ्रेंच पोलाद-उद्योगातील २०,००० हून अधिक नोकऱ्या कमी करण्याची योजना जाहीर झाली. पोलादावर जगणारे लाँवीचे खोरे तिने हादरले. सी. जी. टी. या कामगार-महासंघाने १७ मार्च १९७९ रोजी तेथे हे केंद्र सुरू केले. प्रक्षेपणाचा एकाधिकार त्या वेळी शासनाकडे असल्यामुळे केंद्र बेकायदा होते. मार्सेल त्रिया व जाक द्युपों या व्यावसायिक पत्रकारांकडे त्याचे संचालन होते, आणि त्यांनी ध्वनिक्षेपक सर्वांस खुला ठेवला.

या फितींचे खरे मोल त्या खुलेपणात आहे. दूरध्वनीवरून श्रोता बोलतो, मध्येच तोडतो, महासंघाच्या धोरणावरही आक्षेप घेतो. कारखान्याच्या प्रश्नाबरोबर स्त्रियांचे गर्भपातासारखे प्रश्न आणि स्थलांतरित कामगारांची सुखदुःखे बोलली जातात. वर्ग या शब्दामागे किती भिन्न माणसे उभी असतात, हे पत्रकातून कळत नाही. येथे ते कानांस कळते.

तथापि, ध्वनिमुद्रण म्हणजे साक्षात् भूतकाळ, असे मानणे भाबडेपणाचे होईल. शासनाने या प्रक्षेपणात खरखर घालून अडथळे आणले. केंद्रातच मुद्रित झालेल्या फितींत शब्द स्वच्छ उमटतो. घरात बसून तो शब्द कष्टाने टिपणाऱ्या श्रोत्याचा अनुभव त्यांत उतरत नाही. २०१२ साली या संग्रहातील निवडक भाग ‘अं मोर्सो द शिफों रूज’ या नावाने प्रसिद्ध झाला. त्यामुळे तो जिज्ञासूंस सुलभ झाला, हे निःसंशय. पण निवड हेही एक भाष्यच असते. लांबलेली चर्चा, कंटाळा, पुनरुक्ती आणि मौन ही निवडीत प्रथम गळतात. आणि सामूहिक विचार तर बहुधा याच वाटेने पुढे सरकतो. म्हणून संशोधकाने निवडीवर न थांबता मूळ संग्रहाकडे वळावे.

१९८० च्या उन्हाळ्यात खुद्द महासंघानेच दोन्ही पत्रकारांना दूर केले. नव्या स्वरूपातील केंद्र जानेवारी १९८१ मध्ये पोलिसांच्या कारवाईने बंद पडले. शासनाला हे केंद्र नको होते, यात नवल नाही. ज्या संघटनेने ध्वनिक्षेपक उभारला तिलाच त्याचे खुलेपण पेलवले नाही, हा यातील कठीण प्रश्न आहे. या फितींना केवळ गौरवगाथा म्हणून जतन केल्यास तोच प्रश्न झाकला जाईल. चळवळीचा स्वतःशी झालेला वाद त्यांत ऐकू येतो, आणि तो पुरता ऐकणे हेच त्यांचे खरे जतन होय.