वीस मिनिटांची कोंबडी

पाककृती हा वाङ्मयप्रकार समीक्षकांनी आजवर का टाळला, हे मला कळत नाही. कवितेपेक्षा तिला वाचक जास्त, नाटकापेक्षा तिचे प्रयोग जास्त, आणि प्रयोग पडला तर तो प्रेक्षकांना खावाही लागतो. तेव्हा एका बी.कॉम. कारकुनाने हे काम अंगावर घेतलं, तर मराठीच्या प्राध्यापकांनी राग मानू नये.

परीक्षणाला घेतलेली कृती अमेरिकन वळणाची आहे. कन्येने कुठूनशी उतरवून आणलेली. नाव, 'एकाच स्किलेटमध्ये वीस मिनिटांत चिकन आणि भाज्या'. स्किलेट म्हणजे बसकं, जाड बुडाचं, लांब दांड्याचं भांडं. तिकडे ते पुष्कळदा बिडाचं असतं. म्हणजे आमच्या आईचा घावनांचा तवाच, फक्त पासपोर्ट काढलेला.

सौ.ला शाळेत पेपर तपासायला थांबायचं होतं. मी सकाळीच जाहीर केलं, "आज रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे. वीस मिनिटांचं तर काम!" ती काही बोलली नाही. लग्नाला अठरा वर्षं झालेली बायको काही बोलत नाही, तेव्हा नवऱ्याने सावध व्हावं. मी झालो नाही.

आता कथानक. अर्धा किलो बिनहाडाची कोंबडी, एक गाजर, एक ढोबळी मिरची, मूठभर फरसबी, कांदा, लसूण. कोंबडीचे तुकडे तव्यावर लाल करून बाजूला काढायचे. त्याच तेलात कांदा-लसूण, मग गाजर आणि फरसबी, कारण ती शिजायला हट्टी. ढोबळी मिरची सर्वांत शेवटी, कारण ती लगेच मान टाकते. मग कोंबडी परत आत, पाण्याचा हबका आणि झाकण. बांधणी चोख आहे. नायिका पहिल्या अंकात येते, दुसऱ्यात विंगेत जाते, तिसऱ्यात सगळ्या पात्रांना भेटते.

भाषेबद्दल मात्र एक तक्रार. 'चवीनुसार मीठ.' आमच्या बँकेत याला 'नियमानुसार कार्यवाही करावी' म्हणतात. अर्थ एकच : चुकलं तर तुमच्यावर.

गुणही सांगितले पाहिजेत. 'तुकडे दोन हप्त्यांत परता, गर्दी करू नका' असं कृतीत स्पष्ट लिहिलं होतं. मी अर्धा किलो एकदमच ओतला. मांसावर जो खरपूस लाल रंग चढतो, त्यामागची रासायनिक क्रिया मेयार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 साली मांडली. तिला साधारण 140 अंशांच्या पुढची आच लागते, आणि पाणी आहे तोवर तवा 100 अंशांवरच अडून बसतो. गर्दी झाली की तुकड्यांना पाणी सुटतं. एक तारखेला पेन्शनच्या खिडकीवर हेच होतं : सगळ्यांना घाम फुटतो आणि काम कुणाचंच होत नाही. माझी कोंबडी लाल न होता उकडली. इथे लेखक निर्दोष, वाचक दोषी.

कृतीतलं उत्तम वाक्य खरवडीबद्दल आहे. तळाला चिकटलेलं पाण्याच्या हबक्याने सोडवून उलथन्याने खरवडून घ्या, सगळी चव तिथे असते. लेखकाने कधीतरी स्वतः तवा खरवडलेला असणार.

पण या कृतीचा खरा घोटाळा हिशेबाचा आहे, आणि तो मराठीच्या प्राध्यापकांना सापडला नसता. साहित्याच्या यादीतच लिहिलंय : चिरलेला कांदा, सोललेला लसूण, शिरा काढलेली फरसबी, धुऊन कोरडे केलेले तुकडे. आम्ही याला आरंभीची शिल्लक म्हणतो. ही शिल्लक आली कुठून? मागच्या पानावर नोंद नाही. आमच्याकडे असं खातं सापडलं तर ऑडिटर जेवायला थांबत नाही.

मी नोंद ठेवली. कोंबडीवाल्याकडची रांग 25 मिनिटं, तुकडे धुणं-पुसणं 8, कांदा (डोळे धुण्यासकट) 6, लसूण 11, फरसबी-गाजर-मिरची 17. एकूण 67. प्रत्यक्ष तव्यावरची, माझ्या चुकीसकट, 34. एकंदर 101 मिनिटं. आहेराचा आकडा! आणि 'एकाच भांड्यात' म्हणाल तर मोरीत नऊ भांडी पडली होती.

1970 साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं. त्यांनी वाटी आणि चमचा ही मापं धरली, म्हणून नवख्या सुनांना ते हाताशी धरता आलं. त्यांनी माप वाचकाच्या फडताळातून उचललं. या कृतीचं माप घड्याळ आहे, आणि ते घड्याळ दुसऱ्या कुणीतरी आधीच तासभर चालवून ठेवलेलं आहे.

कुणी, ते रात्री कळलं. सौ. आली, जेवली, "छान झालंय" म्हणाली. मी लसणाची कर्मकहाणी सांगितली, तर ती म्हणाली, "अहो, फ्रीजमध्ये डब्यात सोललेला होता की. फरसबीही निवडून ठेवली होती."

"कधी केलंस हे?"

"रविवारी. तुम्ही मॅच बघत होतात तेव्हा."

अठरा वर्षं मी रोज पानावर बसून म्हणत आलोय, 'तुझं बाई कसं पटकन होतं!' ती माझ्या दृष्टीने तारीफ होती. आता बघतो तर अठरा वर्षांचे रविवार नावे पडलेले, आणि जमेला एक 'पटकन'. हे खातं आता टॅली होणं कठीण.

पुढच्या रविवारी मॅच बंद करून मी लसूण घेऊन बसलो. तासाभरात अर्धी वाटी झाला. सालं पंख्याने घरभर. सौ.ने पाच मिनिटं पाहिलं आणि ताट पुढ्यातून ओढून घेतलं.

"राहू द्या हो," ती म्हणाली, "मी टाकते पटकन करून."