अमनची बस आणि राजोची पोटली

भीष्म साहनींची 'तमस' (१९७४) ही कादंबरी आमच्या आधीच्या पिढीने बहुधा वाचण्याआधी पाहिली. गोविंद निहलानींची मालिका १९८८ मध्ये दूरदर्शनवर आली होती. मी मात्र बी.एड.नंतर पुस्तकच वाचले आणि पहिल्याच प्रकरणांत अडखळले. नत्थूला पाच रुपये देऊन डुक्कर मारायला लावणारा मुराद अली. हेच नाव का? आपल्यापैकी अनेकांना हा प्रश्न पडला असेल.

आता वाटते, प्रश्न नावाचा नाहीच. मुराद अलीच्या मागे कोण होते, हे कादंबरी सांगत नाही. दंगल शमल्यावर अमन कमिटी बनते, बस निघते आणि ड्रायव्हरशेजारी बसून अमनचे नारे देतो तोच मुराद अली! त्याला ओळखू शकणारा नत्थू मेलेला असतो. मदत छावणीत आकडे लिहिणाऱ्या बाबूला फक्त नुकसान हवे असते, कोणी केले ते नको. असा सलोखा म्हणजे साक्षीदारांच्या गैरहजेरीत झालेला समझोता. समीक्षकांनी या शेवटाला उपरोध म्हटले आहे. मला तो निव्वळ वृत्तान्त वाटतो.

पण याच कादंबरीत राजो आहे. हरनामसिंग आणि बन्तो जिच्या घरी आसरा घेतात, तिच्याच नवऱ्याने आणि मुलाने त्यांची ट्रंक लुटून आणलेली असते. राजो रात्री त्यांना गावाबाहेर पोचवते आणि निघताना ट्रंकेतले दागिने बन्तोच्या हाती देते. माफी नाही, भाषण नाही. लुटीचा माल घरात आहे हे ती जाणते आणि जेवढे हाती आहे तेवढे परत करते. अमनच्या बसमधले कोणी काही परत करत नाही. अभ्यासक राजोला 'माणुसकीचे उदाहरण' म्हणून दोन ओळींत निकालात काढतात, याचा मला रागच येतो.

ही कादंबरी आपल्याला परकी नाही. १९७० च्या दंगलीनंतर साहनी भिवंडीला गेले, तिथली उद्ध्वस्त घरे पाहताना त्यांना १९४७ ची रावळपिंडी आठवली आणि लेखन सुरू झाले. त्याच भिवंडीत १९८४ मध्ये पुन्हा दंगल झाली. पुढे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. नेत्यांच्या जागी गल्लीतली साधी माणसे पोलिसांसोबत बसू लागली, तीही दंगल नसताना. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत होती, भिवंडी शांत राहिली.