कपटाची कला आणि तिचा रसिक

चोरीलाही शास्त्राची प्रतिष्ठा देणारा शर्विलक देवलांच्या ‘मृच्छकटिका’मुळें महाराष्ट्राच्या चांगल्या परिचयाचा आहे. त्याचा पाश्चात्त्य सगोत्र पाहावयाचा असेल, तर १९०२ सालीं शिकागो येथें प्रसिद्ध झालेला ‘द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल’ हा ग्रंथ उघडावा. ग्रंथकर्ता म्हणून एस. डब्ल्यू. अर्डनेस असें नांव त्यावर आहे. परंतु तें टोपणनांव असून त्यामागील मनुष्य कोण, याचा निर्विवाद निर्णय अद्याप झालेला नाहीं.

पत्ते पिसतांना हवें तें पान हव्या त्या जागीं कसें राखावें, वरचें पान वाटल्याचा भास करून तळचें कसें द्यावें, हें सर्व येथें बोटाबोटाचा हिशेब देऊन सांगितलें आहे. सोबतीस शंभराहून अधिक आकृत्या आहेत. भाषा आटोपशीर आणि किंचित् उपहासगर्भ आहे. प्रस्तावनेंत लेखक नीतीचा आव आणीत नाहीं. आपणांस पैशांची गरज आहे, हें तो मोकळेपणानें सांगून टाकतो. लोकांस सावध करण्याच्या मिषानें पापाचीं रसभरित वर्णनें करणाऱ्या पुस्तकांपेक्षां हा उघडेपणा खचित बरा.

तथापि या ग्रंथांत एक मोठी उणीव आहे. त्यांत हात आहेत, पत्ते आहेत, युक्त्या आहेत. परंतु लुबाडल्या गेलेल्या मनुष्याच्या घरीं पुढें काय होतें, याची वार्ताही नाहीं. द्यूतानें काय होतें हें द्रौपदीच्या कथेवरून जाणणाऱ्या वाचकास ही उणीव जाणवल्यावांचून राहणार नाहीं.

ती भरून निघाली एका वाचकाच्या आयुष्यांत. कॅनडांतील ओटावा येथें १८९४ सालीं जन्मलेल्या डाय व्हर्नन यानें हा ग्रंथ लहानपणींच आत्मसात् केला. १९२२ सालीं शिकागो येथें त्यानें एक खूण केलेलें पान जोडाच्या आंत घालून पुनःपुन्हां वर आणून दाखविलें; आणि कोणतीही करामत तीन वेळां पाहिल्यावर उलगडूं शकतों अशी बढाई मारणारा हूदिनी निरुत्तर झाला. तरीही कागदाच्या छायाकृति कापून पोट भरणाऱ्या या कलावंताचें मन रंगभूमीपेक्षां जुगाऱ्यांच्या अड्ड्यांत अधिक रमे.

१९३२ सालीं एका कैद्याकडून त्यास मधलें पान वाटणाऱ्या जुगाऱ्याची बातमी लागली. प्रतिपक्षानें जोड कापला, कीं तळाशीं राखलेलीं पानें मध्यें जातात व लबाडी फसते. परंतु मधलींच पानें बेमालूम वाटतां आलीं, तर कापण्याचा उपयोगच उरत नाहीं. मिसूरी संस्थानांतील प्लेझंट हिल या लहानशा गांवीं व्हर्ननला तो ॲलन केनेडी शेवटीं भेटला, आणि त्याची ती विद्या त्यानें डोळ्यांनीं पाहिली.

येथें खरा प्रश्न उभा राहतो. हालचाल तीच, श्रमही तेच. मग केनेडीस ठक व व्हर्ननला कलावंत कां म्हणावें? केवळ पैशाच्या अभावानें हा भेद होत नाहीं. जादूगारही बिदागी घेतोच. जादूगाराचा प्रेक्षक फसण्यास संमति देऊन बसलेला असतो, हें पहिलें उत्तर. दुसरें याहून महत्त्वाचें आहे. जुगाऱ्याची उत्तम करामत म्हणजे जी घडली असें कोणासही कळत नाहीं ती. तिला रसिक असूंच शकत नाहीं. आपण पाडलेलें भोंक पाहून सकाळीं नगरजनांनीं विस्मित व्हावें, ही इच्छा शर्विलकासही सोडवत नाहीं! ‘कलेसाठीं कला’ म्हणणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें, कीं केवळ कौशल्यानें कला पुरी होत नाहीं. तिला जाणून दाद देणारा दुसरा मनुष्य लागतो.

व्हर्ननने केनेडीच्या विद्येस तो दुसरा मनुष्य मिळवून दिला. १९६३ सालीं लॉस एंजेलिस येथें उघडलेल्या ‘मॅजिक कॅसल’मध्यें तो तरुणांस शिकवीत बसे, अर्डनेसच्या ग्रंथावरील त्याचें भाष्य १९८४ सालीं प्रसिद्ध झालें, १९९२ सालीं अठ्ठ्याण्णवाव्या वर्षीं तो निवर्तला. लुबाडण्यासाठीं लिहिलेला ग्रंथ आनंद देण्यासाठीं कसा वाचावा, हें त्यानें दाखविलें; आणि ग्रंथाचें अंतिम मोल पुष्कळदां लेखकाच्या हेतूपेक्षां वाचकाच्या पात्रतेवर ठरतें, याचें याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच आढळेल.