बर्लिनमधील एक फ्रेंच वकील

मुत्सद्द्यांचीं आत्मवृत्तें वाचतांना वाचकानें थोडी सावधगिरी बाळगावी. युद्ध पेटलें म्हणजे प्रत्येकाच्या दप्तरांत पूर्वीं दिलेल्या इशाऱ्याचा एखादा कागद सांपडतोच. आंद्रे फ्रांस्वा-पाँसे यांच्या बर्लिनच्या आठवणी १९४६ सालीं फ्रेंचमध्यें निघाल्या व १९४९ मध्यें त्यांचें इंग्रजी भाषांतर झालें. त्या आम्हीं अलीकडे पुन्हां वाचल्या. या गृहस्थांच्या दप्तरांतील इशारे खरे आहेत, हें आरंभींच मान्य केलें पाहिजे. १९३६ च्या मार्चमध्यें जर्मन सैन्य ऱ्हाइन प्रांतांत शिरलें. त्याची पूर्वसूचना त्यांनीं १९३५ च्या अखेरीसच पॅरिसला दिली होती.

१९३१ ते १९३८ हीं सात वर्षें ते बर्लिनला फ्रान्सचे वकील होते. मूळचे जर्मन वाङ्मयाचे अभ्यासक. गटेच्या एका कादंबरीवर त्यांनीं तरुणपणीं ग्रंथ लिहिला होता. पुढें कायदेमंडळाचे सभासद, मग उपमंत्री, आणि तेथून ही वकिलात. हा वाङ्मयाचा संस्कार पुस्तकांत पानोपानीं दिसतो. माणसें ते कादंबरीकाराच्या नजरेनें न्याहाळतात. १८ ऑक्टोबर १९३८ रोजीं हिटलरनें त्यांना केलश्टाइनच्या शिखरावर निरोपासाठीं बोलावलें. डोंगराच्या पोटांतील तें भुयार, पितळेनें मढविलेली लिफ्ट, अधांतरीं लोंबकळल्यासारखें तें दालन: हें सारें त्यांनीं असें टिपलें आहे कीं, मालकाच्या मनाचा नकाशाच आपल्यापुढें उलगडतो. सरकारी खलित्यांत असें गद्य आम्हीं क्वचितच वाचलें आहे.

आमची तक्रार सुरू होते ती येथेंच. ज्याला हें मन इतकें उमगलें होतें, तोच वकील तीनच आठवड्यांपूर्वीं, २८ सप्टेंबरला, चेकोस्लोव्हाकियाचा कोणता मुलूख केव्हां सोडावयाचा हें दाखविणारा नकाशा घेऊन हिटलरपुढें उभा होता! दुसऱ्या दिवशीं म्युनिकची बैठक भरली. चेक प्रतिनिधींस तींत जागा नव्हती. निर्णय त्यांना मागाहून कळविण्यांत आला. सरकारची आज्ञा पाळणें वकिलाचें कर्तव्यच, हें आम्हांस मान्य आहे. पण त्या सकाळच्या हकीकतींत लेखकाची लेखणी स्वतःच्या युक्तिवादाच्या कौशल्यावर अंमळ रेंगाळते. ज्यांचा मुलूख चालला होता त्यांच्याकडे ती तितकी वळत नाहीं. परक्यांचें वाङ्मय शिकविण्यांत आयुष्य घालविणाऱ्या आमच्यासारख्यांस हें फार लागतें. माणूस समजला म्हणजे तो आवरतांही येईल, असा भ्रम या व्यासंगांतून उपजत असावा. हिटलरच्या भोंवतालचे माथेफिरू वेगळे आणि तो स्वतः वेगळा, ही आशा त्यांना दीर्घकाळ सुटली नाहीं, ती त्यामुळेंच काय?

बर्लिन सोडून त्यांनीं रोम मागून घेतलें, तेंही याच आशेनें: मुसोलिनीच्या हातून हिटलरला लगाम घालतां येईल म्हणून. १० जून १९४० रोजीं इटलीनें फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारल्याची वार्ता चियानोनें त्यांच्याच कानीं घातली. प्रस्तुत पुस्तक मात्र १९३८ लाच मिटतें. पुढची हकीकत वाचण्यासाठीं १९६१ सालीं निघालेल्या त्यांच्या रोमच्या आठवणी उघडाव्या लागतात.