मुठीतला खेळ

टीकालेख म्हटला, की वाचकांच्या डोळ्यांपुढे कादंबरी येते, नाटक येते, फार तर एखादा चित्रपट येतो. हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमवर कोणी टीकालेख लिहावा, आणि तोही दिवाळी अंकात, हे ऐकून आमच्या घरीच हशा झाला. पण विचार करून पाहा. घरातली मुले, आणि खरे सांगायचे तर मोठी माणसेही, ज्या वस्तूत इतके तास घालवतात, तिच्याविषयी आपण दोनच वाक्ये बोलतो : ‘डोळे जातील’ आणि ‘अभ्यास बुडेल’. दोन्ही वाक्ये काळजीची आहेत, परीक्षणाची नव्हेत. खेळ चांगला कोणता, वाईट कोणता, आणि कशावरून, हे आपण विचारीतच नाही. कादंबरीला जो न्याय देतो तो या मुठीतल्या खेळालाही द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझा अधिकार बेताचाच. शिक्षण दहावीपर्यंतचे, एका खाजगी शाळेत मी हस्तकला शिकवते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. यंत्राच्या पोटातले जे काही कळते ते भाच्याने समजावले म्हणून. परंतु मी खेळते, आणि बऱ्याच वर्षांपासून खेळते. कोपर स्थानकावर धीम्या गाड्याच थांबतात. दिवा, मुंब्रा, कळवा आणि मग ठाणे, असा माझा वीसेक मिनिटांचा प्रवास. बायकांच्या डब्यात कोणी मटार सोलते, कोणी स्तोत्र म्हणते, आणि चौथ्या सीटवर अर्धे अंग टेकवून मी बटणे दाबते. हा वेळ सलग नसतो. मध्येच कोणी उतरते, कोणी पिशवी मांडीवर ठेवते, कोणी विचारते, ‘ठाण्याला उतरणार ना?’ अशा तुकड्यातुकड्यांच्या वेळात जो खेळ बसतो, तोच हातातला खेळ. मी त्याची परीक्षा याच डब्यात करते.

आपल्याकडे असा खेळ नवा नाही. सागरगोटे आठवा. एक गोटा वर उडवायचा, तो खाली येईतो जमिनीवरचे उचलायचे आणि पडणारा झेलायचा. सगळा सरंजाम मुठीत मावतो. आईने हाक मारली की परकराच्या ओच्यात टाकून उठता येते. मला मोठी गंमत वाटते ती ही, की जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८० साली हातात मावणारा आपला पहिला ‘गेम अँड वॉच’ काढला, तो नेमका चेंडू उडवून झेलण्याचाच होता. पडद्यावर एक माणूस, त्याचे दोन हात, आणि खेळणाऱ्याला दोन बटणे. चेंडू पडला की डाव संपला. खेळ चालू नसला की त्याच पडद्यावर घड्याळ दिसे. ही कंपनी १८८९ साली क्योतोमध्ये पत्ते बनवण्यासाठी निघालेली. मुठीत काय मावते हे तिला आधीपासूनच ठाऊक असावे.

या खेळाचे कर्ते गुनपेई योकोई. आगगाडीत एक कंटाळलेला नोकरदार खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबीत बसलेला त्यांनी पाहिला, आणि त्यावरून ही कल्पना सुचली, असे ते सांगत. म्हणजे या खेळाचा जन्म आगगाडीतलाच. योकोईंचे एक सूत्र प्रसिद्ध आहे. त्याचा भावार्थ असा, की नव्या चमकदार तंत्राच्या मागे न लागता जुने, स्वस्त झालेले, मुरलेले तंत्र घ्यावे आणि ते कोणाला सुचले नाही अशा कामी लावावे. लोणचे घालणाऱ्या गृहिणीला हे सूत्र समजावून सांगण्याची गरज नाही.

१९८९ साली योकोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘गेम बॉय’ काढला, तेव्हा या सूत्राची खरी परीक्षा झाली. पडदा हिरवट, रंग नाहीत, केवळ चार छटा. पडद्यामागे दिवा नाही, म्हणून रात्री खेळायचे तर खिडकीशी किंवा दिव्याखाली बसावे लागे. चित्र भराभर हलले की मागे अस्पष्ट सावली ओढली जाई. हा दोष मोठाच होता आणि तो झाकण्याचे कारण नाही. त्याच वर्षी अटारीचा ‘लिंक्स’ आला आणि १९९० साली सेगाचा ‘गेम गिअर’. दोन्हींचे पडदे रंगीत, मागून उजळलेले. दुकानात शेजारीशेजारी ठेवले तर गेम बॉय अगदी गरीब दिसे. पण ती दोन्ही यंत्रे सहा पेन्सिल सेल खात आणि चार-पाच तासांत विझत. गेम बॉय चार सेलवर पंधरा तास तरी सहज चाले. जे यंत्र घराबाहेर न्यायचे त्याचे सौंदर्य दुकानात कळत नाही, तिसऱ्या दिवशी कळते. गेम बॉय आणि त्याचा पुढचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटी ८६ लाखांहून अधिक खपले.

त्या यशात ‘टेट्रिस’चा वाटा फार मोठा. मॉस्कोच्या विज्ञान अकादमीत काम करणाऱ्या अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ साली तो रचला. पुढे अमेरिकेत गेम बॉयबरोबरच तो देण्यात आला. वरून सात आकारांचे तुकडे पडतात, प्रत्येक चार चौकोनांचा. ते फिरवून, सरकवून बसवायचे. आडवी ओळ भरली की नाहीशी होते. यात राजकन्या नाही, राक्षस नाही, गोष्ट नाही. कादंबरीकार या नात्याने मला आधी हे खटकले. मग ध्यानात आले, की एका खोलीत सात माणसांची अंथरुणे घालणाऱ्या घरात जी वाढली तिला यात गोष्ट शोधावी लागत नाही. शिवाय हा खेळ जिंकता येत नाही. तो फक्त लांबवता येतो. संसाराशी इतके इमान राखणारा खेळ मी दुसरा पाहिला नाही. पाजित्नोव यांना मात्र पहिली अनेक वर्षे या खेळाचे मानधन मिळाले नाही, कारण हक्क सोव्हिएत सरकारकडे होते. हेही नोंदवले पाहिजे.

गेम बॉय आमच्या कोपरच्या मुलांपर्यंत फारसा पोहोचला नाही. आमच्याकडे आला तो ‘ब्रिक गेम’. फूटपाथवर मिळणारे प्लॅस्टिकचे खेळणे, दोन सेल, दहा बाय वीस चौकटींचा पडदा. वर लिहिलेले असे ‘९९९९ इन १’. आत खेळ मोजून दहा-बारा, बाकी सारे त्यांचेच वेग बदललेले अवतार. मुख्य खेळ म्हणजे टेट्रिसचीच नक्कल. परीक्षक म्हणून मी म्हणेन, की आवाज कर्कश, बटणे दोन महिन्यांत सैल, आणि बंद केले की मिळवलेले गुण पुसले जात. तरी मूळ खेळ इतका सकस, की नकलेतही तो मेला नाही.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला तो ‘स्टीम डेक’ घेऊन. २०२२ साली निघालेले हे यंत्र म्हणजे हातात धरलेला पुरता संगणकच. मी चकल्यांच्या सोऱ्याशी झटत होते. त्याने ते माझ्या हाती दिले.

“जड आहे रे!” मी म्हटले.

“साडेसहाशे ग्रॅमच्या वर आहे. पण मावशी, आतलं चित्र तर बघ.”

चित्र खरेच अप्रतिम होते. पाऊस पडत होता आणि दगडांवर पाणी चमकत होते. मी विचारले, “हे संपतं कधी?”

“शंभर तास तरी लागतील.”

“मग माझ्या डब्यात हे चालायचं नाही. एका हाताने कडी धरू का हे धरू?”

तो हसला. “वजनाचं मान्य. पण हे बटण दाब. जिथे आहे तिथे खेळ झोपतो. उठवलास की तिथूनच पुढे. आणि तुझी चारशे पानांची कादंबरी लोक एका बैठकीत वाचतात का? खूण घालून ठेवतातच ना?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी आजवर समजत होते, की हातातला चांगला खेळ म्हणजे लहान खेळ. भाच्याने ते खोडून काढले. लांबी हा दोष नव्हे. निन्टेन्डोच्या २००४ सालच्या ‘डीएस’ला दोन पडदे होते, आणि डबीसारखे झाकण मिटले की खेळ झोपे, २०१७ सालचा ‘स्विच’ही एका बटणाने झोपतो. या यंत्रांतले मला सर्वांत आवडणारे गुण हेच. खरा प्रश्न असा आहे, की थांबण्याचा अधिकार कोणाकडे आहे : खेळणाऱ्याकडे की खेळाकडे?

ही कसोटी लावली, की मोबाइलवरचे खेळ निराळे दिसू लागतात. सगळेच वाईट आहेत असे मी म्हणत नाही. ‘लुडो किंग’ आपल्या नवी मुंबईतला, २०१६ सालचा. २०२० च्या टाळेबंदीत तोच डाव आम्ही चार गावच्या चार बहिणी रोज दुपारी मांडीत होतो, आणि त्या दिवसांत त्याने दिलेला आधार मी विसरणार नाही. पण २०१२ साली आलेल्या ‘कँडी क्रश’चे उदाहरण घ्या. मांडणी सुबक, रंग मोहक, डाव चार मिनिटांचा. लोकलसाठी याहून सोयीचे काय असणार? त्यात पाच प्राण मिळतात. ते संपले की खेळ आपणच थांबतो, अर्ध्या तासाने एक प्राण भरून येतो, आणि तेवढा धीर नसेल तर पैसे मोजायचे. मग फोन किणकिणतो : या, प्राण भरले. हा खेळ आपल्याला थांबवतो, पण सोडीत नाही. सागरगोट्यांनी ओच्यातून कधी हाक मारली नव्हती. कारागिरी उत्तम असूनही मी या खेळाला खालच्या पंक्तीत बसवते, ते एवढ्यासाठी.

येथे लेख संपायला हरकत नव्हती. परंतु दुसऱ्याला कसोटी लावणाऱ्याने ती स्वतःलाही लावावी.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी शाळेत नवी होते आणि धाक बसवण्याची घाई होती. एका मुलाच्या बाकाखाली मला ब्रिक गेम दिसला. मी तो ओढून घेतला. “बाई, बंद नका करू,” एवढेच तो म्हणाला. मी त्याच्यासमोर बटण दाबून बंद केला. पालक आले तरच परत मिळेल, असा नियम होता. कोणी आले नाही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तो मुलगा गाव सोडून गेला होता. खेळणे माझ्या पिशवीत राहिले, आणि एके दिवशी कळवा-मुंब्र्याच्या दरम्यान गाडी अडकली असता मी ते सुरू केले. माझ्या खेळण्याचा आरंभ असा दुसऱ्याच्या वस्तूवर झाला.

खेळू लागल्यावर काही दिवसांनी मला एक गोष्ट कळली. त्या दिवशी मी वर्गात शिरले तेव्हा पडद्यावरचे तुकडे पडत नव्हते. ते जागच्या जागी लुकलुकत होते. म्हणजे मला पाहताच त्याने पॉज दाबून खेळ खाली ठेवला होता. थांबणे त्याला जमत होते. त्याची कितीतरी ओळींची कमाई मी एका बटणाने पुसली, आणि त्याला शिस्त म्हटले. आज ज्या गुणाची मी पानभर स्तुती करते, तो गुण त्या मुलात होता आणि मला ओळखता आला नाही.

परवा आवराआवरीत ते खेळणे कपाटात सापडले. सेलांच्या जागी हिरवा थर चढला होता. भाच्याने तो खरवडला, नवे सेल घातले, आणि तीच कर्कश धून वाजली. आम्ही आळीपाळीने खेळलो. आतून बहिणीने हाक मारली, “अगं, तेल तापलंय!” मी पॉज दाबला आणि उठले.

हल्ली वर्गात कोणाच्या हाती असा खेळ दिसला तर मी हिसकावीत नाही. “पॉज दाब, आणि दप्तरात ठेव,” म्हणते. जो ठेवू शकतो त्याची मला चिंता वाटत नाही. ज्याला ठेवता येत नाही, त्याच्या आईवडिलांना मी मुलाविषयी विचारण्याआधी त्या खेळाचे नाव विचारते. वाचकांनीही या दिवाळीत घरातल्या मुलाच्या शेजारी दहा मिनिटे बसून त्याचा खेळ खेळून पाहावा, आणि मध्येच उठून पाहावे. सहज उठता आले, तर तो खेळ घरात ठेवायला हरकत नाही.